उष्णतेचा सरवा : उष्माविद्युतेच्या इतिहासातील संज्ञा आणि साधने

मराठीत 'औष्णिक वीज' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोराडी, चंद्रपूर किंवा एकलहरे येथील उंच धुराडी उभी राहतात. दगडी कोळसा जाळावयाचा, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने टरबाइन फिरवावयाचे आणि टरबाइनने जनित्र, असा त्या विजेचा लांबचा प्रवास असतो. उष्णतेचे विजेत थेट रूपांतर तेथे कोठेच होत नाही. जेथे ते खरोखर होते, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तापलेल्या सांध्यात, त्या घटनेसाठी मात्र निराळी संज्ञा योजावी लागते. कारण नेमका शब्द कोळशाच्या वीजकेंद्रांनी आधीच व्यापून टाकला आहे. प्रस्तुत निबंधात ह्या घटनेस 'उष्माविद्युत्' असे म्हटले आहे. ही अडचण मराठीपुरती मर्यादित नाही. शोध लागला त्याच वर्षापासून नावाचा घोळ त्याच्या मागे लागलेला आहे. आणि शोधाच्या पदरी दुर्बळपणाचा जो शिक्का दीर्घकाळ राहिला, त्यात उष्णतेच्या तुटपुंजेपणाइतकाच तिच्यापासून मिळणाऱ्या विजेच्या रूपाचा, म्हणजे तिच्या अत्यल्प दाबाचा, वाटा होता. हा दाब वाढविणारी साधी विद्युत् मंडले हाती येईपर्यंत तो शिक्का पुसला गेला नाही.

टॉमस योहान सीबेक ह्याचा जन्म १७७० साली बाल्टिक किनाऱ्यावरील रेव्हाल, म्हणजे आजचे टॅलिन, येथे झाला. शिक्षणाने तो वैद्य होता. परंतु वैद्यकीचा व्यवसाय त्याने फारसा केला नाही. येना येथे असताना गटे ह्या कवीच्या वर्णविषयक संशोधनात त्याचे साहाय्य होते. पुढे तो बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. १८२० साली कोपनहेगनच्या हान्स क्रिस्तिआन ओर्स्टेड ह्याने विद्युत् प्रवाहाजवळ ठेवलेली चुंबकसूची विचलित होते असे जाहीर केले आणि युरोपातील प्रत्येक प्रयोगशाळेत तारा व चुंबकसूच्या मांडल्या गेल्या. सीबेकचे प्रयोग ह्याच लाटेतले. १८२१ साली त्याने तांबे व बिस्मथ ह्यांची टोके एकमेकांस जोडून एक बंद वळे तयार केले व त्यात सूची ठेवली. सूची हलली. द्रावण नाही, आम्ल नाही, व्होल्टाची चळत नाही. तरीही सूची हलली. सांधा हाताने दाबून धरला असता हा परिणाम दिसतो आणि मध्ये ओला कागद घातला की तो नाहीसा होतो, हे त्याने ताडले. विजेचा उगम ओलाव्यात नसून तळहाताच्या उबेत आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. निरीक्षणाची ही सूक्ष्मता उल्लेखनीय आहे. कारण १७९४ च्या सुमारास व्होल्टानेही लोखंडी सळईचे एक टोक उकळत्या पाण्यात तापवून बेडकाचा पाय आकुंचन पावलेला पाहिला होता. पण तो धागा त्याने पुढे नेला नाही.

निरीक्षण अचूक, नाव मात्र फसवे. सीबेकने ह्या घटनेस उष्मचुंबकत्व म्हटले. तापमानातील भेदामुळे धातूंचे चुंबकीय ध्रुवीकरण होते असे त्याचे प्रतिपादन होते आणि अकादमीपुढील त्याच्या निबंधाचे शीर्षकही ह्याच अर्थाचे होते. त्याच्या दृष्टीने ही घटना एका फार मोठ्या प्रश्नाची गुरुकिल्ली होती: विषुववृत्त उष्ण, ध्रुव शीत, आणि पृथ्वी स्वतः चुंबक, तेव्हा भूचुंबकत्वाचे कारण हेच नसेल काय? कल्पना भव्य होती. भव्य कल्पनेत गुंतलेल्या मनाला समोरच्या तारेतून काही वाहत आहे हे मान्य करणे जड गेले असावे. वळे तोडले की सूची पूर्वस्थितीस येते, ही प्रवाहाची उघड खूण त्याच्या हाताशी होती. परंतु सूचीखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता आणि सूची तर चुंबकत्वाचीच साक्ष देणार. १८३१ साली मृत्यू येईपर्यंत सीबेकने आपली संज्ञा सोडली नाही.

दुसरी संज्ञा ओर्स्टेडची. बर्लिनला जाऊन त्याने सीबेकचे प्रयोग पाहिले होते, १८२३ साली पॅरिसमध्ये त्यांची माहिती दिली आणि गणिती फूर्येच्या साहाय्याने बिस्मथ व अँटिमनी ह्यांच्या अनेक जोड्या एकापुढे एक जोडून परिणाम वाढविता येतो हे दाखविले. प्रवाह विद्युतेचा आहे, तिचे कारण उष्णता आहे, म्हणून हिला 'थर्मोइलेक्ट्रिक' म्हणावे, असे त्याने सुचविले. येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. ओर्स्टेड हा पदार्थवैज्ञानिक तसाच डॅनिश भाषेतील मोठा शब्दकर्ता होता. ऑक्सिजनला डॅनिशमध्ये आजही 'इल्त' म्हणतात व हायड्रोजनला 'ब्रिंत'. हे दोन्ही शब्द त्याचे असून पहिला अग्निवाचक शब्दावरून आणि दुसरा जळणे ह्या अर्थाच्या धातूवरून त्याने घडविला. ग्रीक व लॅटिनचे उसने कपडे न घालता घरच्या सुताने विणलेले हे शब्द शाळकरी मुलाच्या तोंडी बसले. नामकरण म्हणजे घटनेचे अर्धे विवरण, ही जाण ज्याला होती अशा माणसाच्या हातून उष्माविद्युतेचे बारसे झाले, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

चुकीच्या नावाने प्रत्यक्ष हानी किती झाली? ह्या प्रश्नाला एक विलक्षण उत्तर विसाव्या शतकात मिळाले. सीबेकने धातूच नव्हे, तर खनिजे व मिश्रधातू असे अनेक पदार्थ तपासून त्यांची क्रमवार यादी केली होती. त्या यादीत गॅलीना, म्हणजे शिशाचे गंधकयुक्त खनिज, आणि जस्त व अँटिमनी ह्यांचे संयुग हे दोन्ही आढळतात. सोव्हिएत पदार्थवैज्ञानिक अब्राम योफे ह्याने दाखवून दिले की, ह्या दोहोंची जोडी करून उष्णता दिली असती, तर तिच्यातील सुमारे ३ टक्के विजेच्या रूपाने हाती आली असती. त्या काळातील वाफेच्या एंजिनांची कार्यक्षमता ह्याच्या आसपासच होती. म्हणजे १८२१ साली, फॅराडेने प्रवर्तनाचा शोध लावण्यापूर्वी दहा वर्षे, हलणारा एकही भाग नसलेले वीजयंत्र सीबेकच्या टेबलावर सुट्या तुकड्यांच्या रूपाने पडून होते.

योफेचे हे विधान पुष्कळदा उद्धृत होते आणि त्यातून 'नाव चुकले म्हणून शतक वाया गेले' असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो तसाच्या तसा स्वीकारता येत नाही. सीबेकने आपल्या संशोधनाला योग्य नाव दिले असते, तरी विद्युत् दाब, प्रवाह व रोध ह्या तीन राशी एकमेकींपासून वेगळ्या कशा काढाव्यात हे १८२१ साली कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय वीज मिळाली असती, तरी ती वापरणार कोण? ना तारायंत्र होते, ना दिवा. मागणीच नसलेल्या मालाचा कारखाना नावामुळे बंद पडला असे म्हणण्यात अर्थ नाही. तरीही सीबेक चुंबकीय परिणामाची तीव्रता मोजत राहिला, वळ्यातून मिळणारे कार्य त्याने मोजले नाही, एवढा दोष त्या संज्ञेच्या पदरी टाकावाच लागतो.

ह्या तीन राशींची फारकत ज्याने केली, त्याला ती सीबेकच्याच साधनाने करता आली. गेओर्ग झिमोन ओम हा माध्यमिक शाळेत शिकवीत असे. व्होल्टाच्या चळतीचा प्रवाह क्षणाक्षणाला मंदावत असल्यामुळे त्याची मोजमापे जुळत नव्हती. पोगेनडॉर्फ ह्याच्या सूचनेवरून १८२६ साली त्याने चळत बाजूस ठेवून बिस्मथ व तांबे ह्यांचे तपयुग्म, म्हणजे ज्याला कारखान्यात सर्रास थर्मोकपल म्हणतात ते, घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे व बर्फ वितळते आहे तोवर दोन्ही सांध्यांची तापमाने स्थिर, म्हणून दाबही स्थिर. निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून त्याने प्रवाह मोजला आणि आज प्रत्येक शाळेत शिकविला जाणारा नियम हाती आला. उष्माविद्युतेची वीज थोडी असते, पण ती अविचल असते, हा गुण तेथे प्रथमच कामी आला.

पुढची काही दशके झरझर उलटता येतात. घड्याळजीचा धंदा सोडून विज्ञानाकडे वळलेल्या पेल्टिए ह्याने १८३४ साली उलट परिणाम नोंदविला: सांध्यातून प्रवाह सोडला असता तो तापतो किंवा थंड होतो. १८३८ साली लेन्झने बिस्मथ-अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखविला आणि प्रवाहाची दिशा उलटवून तो वितळविला. नोबिली व मेल्लोनी ह्यांनी तपयुग्मांच्या चळतीचा उपयोग अदृश्य उष्णताकिरण शोधण्यासाठी केला. विल्यम टॉमसनने शतकाच्या मध्यास दोन्ही परिणामांचे नाते उष्मागतिकीच्या चौकटीत बसविले. १८८० नंतर ल शातल्येचे प्लॅटिनमचे तपयुग्म भट्ट्यांचे तापमान मोजू लागले. घटना मापनाची दासी झाली. शक्तीचे साधन म्हणून तिची गणना राहिली नाही. कोळशावर किंवा वायूवर चालणाऱ्या मोठ्या चळती १८७० नंतर पॅरिसमध्ये विकल्या गेल्या खऱ्या, पण तोवर डायनामो आला होता आणि त्याच्याशी स्पर्धा अशक्य होती.

अपवाद एकच, आणि तो घरगुती आहे. गॅसवर चालणाऱ्या काही गीझरांत व शेगड्यांत ज्योतीला लागून तांब्याची एक बारीक कांडी असते. ते तपयुग्म होय. ज्योत असेतो त्यातून काही सहस्रांश व्होल्ट दाबाचा, परंतु जाड तारेमुळे पुरेसा मोठा, प्रवाह वाहतो. तो विद्युत् चुंबकाला बळ देतो आणि चुंबक वायूची झडप उघडी धरून ठेवतो. वाऱ्याने ज्योत विझली की कांडी निवते, चुंबक सुटतो व झडप मिटते. एक बंद वळे, एक तापलेला सांधा आणि त्यातून प्रकटणारे चुंबकत्व: हे यंत्र सीबेकला दाखविले असते, तर आपली संज्ञा सोडण्याचे त्याला काहीच कारण वाटले नसते.

परंतु चुंबक धरून ठेवण्यापलीकडे काही करावयाचे झाले की धातूंचे दुबळेपण उघडे पडते. धातूंच्या जोडीत एका अंशाच्या भेदाला काही कोट्यंश नव्हे, तरी काही दशलक्षांश व्होल्ट, फार तर पन्नाससाठ, एवढाच दाब मिळतो. शिवाय जो धातू विजेचा सुवाहक तो उष्णतेचाही. त्यामुळे तापलेल्या टोकाची उष्णता थंड टोकाकडे धावते व भेदच उरत नाही. चांगला पदार्थ कोणता असावा हे एडमुंड आल्टेनकिर्श ह्याने १९०९ ते १९११ ह्या काळात सूत्ररूपाने मांडले: दाब अधिक, विद्युत् रोध कमी आणि उष्णतेची वाहकताही कमी. असा पदार्थ धातूंत सापडणे नाही. तो अर्धसंवाहकांत सापडेल हे योफेने ओळखले. १९५४ साली इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड ह्याने बिस्मथ टेल्युराइडचा गुण दाखविला आणि तोच पदार्थ आजही ह्या क्षेत्राचा कणा आहे. अवकाशातही अर्धसंवाहकांनीच काम केले. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांना प्लुटोनियमच्या उष्णतेपासून सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्यांनी वीज मिळते आणि पंचेचाळीस वर्षे उलटून गेल्यावरही ती यानांना पृथ्वीशी बोलण्यास पुरली.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या संशोधकांनी गनिमी तुकड्यांसाठी एक किटली तयार केली. तिच्या तळात तपयुग्मे बसविलेली असत. खालून शेकोटीची आच, आत उकळते पाणी. पाणी शंभर अंशांच्या वर जात नसल्याने थंड बाजू आपोआप मर्यादेत राहते आणि मिळालेल्या विजेवर संदेशयंत्र चालते. तपयुग्माची एक भुजा जस्त व अँटिमनी ह्यांच्या संयुगाची होती, म्हणजे सीबेकच्या यादीतलीच. युद्धानंतर १९५० च्या दशकात ह्याच तत्त्वावर रॉकेलच्या कंदिलाच्या काचेवर बसणारी चळत सोव्हिएत खेड्यांत पोचली. दिवा उजेड देई, वर जाणारी त्याची उष्णता रेडिओ चालवी. मात्र रेडिओच्या निर्वात नळ्यांना सुमारे ९० व्होल्ट लागत आणि चळत देई दोन. ह्या दोहोंमधील दरी बुजविण्यासाठी एक थरथरणारी पट्टी वापरली होती: ती सेकंदाला अनेक वेळा प्रवाह तोडी व जोडी, तुटकतुटक प्रवाह रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरून उच्च दाबाने बाहेर पडे. चळतीइतकेच महत्त्व ह्या पट्टीला आहे. शक्ती पुरेशी होती. तिला योग्य दाब देणे एवढेच काम उरले होते, आणि ते एका साध्या मंडलाने केले. ('विद्युत् मंडल' म्हणजे सर्किट, 'विद्युत मंडळ' म्हणजे २००५ पर्यंत वीजबिल पाठविणारी संस्था. एका वर्णाचा हा फरक परिभाषाकारांनी कसा चालवून घेतला, हे नवलच.)

थोडे अंकगणित केले असता ही बाब स्पष्ट होते. बाजारात मिळणाऱ्या चार सेंटिमीटर बाजूच्या पेल्टिए टाइलमध्ये बहुधा १२७ जोड्या असतात. दर जोडीच्या दोन भुजा मिळून एका अंशाला सुमारे ०·०००४ व्होल्ट. म्हणजे संपूर्ण टाइलचे ०·०५ व्होल्ट. अंतर्गत रोध २ ओहम धरला आणि बाहेरचा रोध त्याच्याशी जुळता ठेवला, तर हाती येणारी कमाल शक्ती सुमारे ०·३ मिलिवॉट. भेद दोन अंशांचा झाला की दाब दुप्पट, शक्ती मात्र चौपट, म्हणजे सव्वा मिलिवॉट. मधूनमधून तापमान मोजून बिनतारी संदेश पाठविणाऱ्या उपकरणाला सरासरीने ह्याहून कितीतरी कमी शक्ती लागते. तेव्हा तूट शक्तीची नाही. पण ०·१ व्होल्टाने काहीही चालत नाही: पांढऱ्या प्रकाशाच्या एलइडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि सिलिकॉनचा साधा ट्रान्झिस्टर ०·६ व्होल्टाखाली डोळेच उघडत नाही.

थरथरत्या पट्टीचे काम आज ज्या मंडलाने होते, त्यात फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली दोन वेटोळी, एक ट्रान्झिस्टर आणि एक रोधक एवढेच भाग असतात. पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह वाढू लागला की दुसऱ्यात प्रवर्तनाने दाब उत्पन्न होतो व तो ट्रान्झिस्टरला अधिकच उघडतो. वाढ थांबताच दाब नाहीसा होऊन ट्रान्झिस्टर मिटतो आणि कड्यात साठलेले चुंबकत्व कोसळताना मूळच्या कितीतरी पट दाबाचा झटका देते. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा चालते. तत्त्व निर्वात नळ्यांच्या काळापासून परिचित होते. पण नोव्हेंबर १९९९ मध्ये 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' ह्या ब्रिटिश मासिकाने वाचकांच्या कल्पनांच्या सदरात एकाच जवळजवळ संपलेल्या बॅटरीवर एलइडी पेटविणारे असे मंडल छापले आणि हौशी लोकांत त्याचा प्रसार झाला. त्यांनी त्याला नाव दिले 'ज्यूल थीफ'. ज्यूल हे ऊर्जेचे एकक आणि इंग्रजी उच्चारात जडजवाहिराशी जुळणारे. तेव्हा हा रत्नचोर तसाच ऊर्जाचोर. श्लेष मराठीत उतरत नाही. चोर मात्र उतरतो. टाकून दिलेल्या बॅटरीच्या तळाशी राहिलेले थेंब तो चोरतो.

उष्माविद्युतेच्या कामी हा चोर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, कारण दार उघडण्यासाठीच त्याला ०·६ व्होल्टांची किल्ली लागते. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर घेतला तर ती ०·२ वर येते. खरा तोडगा वेगळा होता: दाब नसतानाच उघडा असणारा ट्रान्झिस्टर घ्यावयाचा आणि वेटोळ्यांचे प्रमाण एकास शंभर ठेवावयाचे. म्हणजे अत्यल्प दाबानेही प्रवाह सुरू होतो, शंभरपट दाब दुसऱ्या बाजूस प्रकटतो आणि तोच ट्रान्झिस्टरला उघडझाप करावयास लावतो. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील लिनिअर टेक्नॉलॉजी ह्या कंपनीने ह्या रचनेची चकती बाजारात आणली. ती ०·०२ व्होल्टांवर सुरू होते. एका अंशाच्या आसपासचा भेद तिला पुरतो.

ह्या तोडग्याचे सामाजिक मोल एका शाळकरी मुलीच्या प्रयोगाने दाखविले. कॅनडातील व्हिक्टोरिया येथील ॲन माकोसिन्स्की हिची फिलिपीन्समधील मैत्रीण रात्री दिव्याअभावी अभ्यास करू न शकल्याने नापास झाली होती. तळहाताच्या उबेवर पेटणारी विजेरी करावयाची असे ॲनने ठरविले. पेल्टिए टाइलींपासून मिळणारी शक्ती एलइडीला पुरेशी आहे, दाब मात्र पुरेसा नाही, हे तिच्या ध्यानी आले आणि रोहित्र व आंदोलक ह्यांचे मंडल जोडून तिने तो वाढविला. हाताची ऊब बाहेरून, पोकळ नळीतील हवेचा गारवा आतून. पाच अंशांचा भेद झाला की प्रकाश पडतो. २०१३ च्या गूगल सायन्स फेअरमध्ये ह्या विजेरीला वयोगटाचे पारितोषिक मिळाले. तिच्याआधी १९९८ साली सैको कंपनीने मनगटाच्या उबेवर चालणारे घड्याळ केले होते, पण ते चैनीच्या वस्तूंत मोडले.

अपेक्षा मात्र बेताची ठेवली पाहिजे. त्वचेचे तापमान ३२ अंश व हवेचे २२ अंश से. धरले, तर कार्नोच्या नियमाने अगदी निर्दोष यंत्रालाही त्या उष्णतेतून ३·३ टक्क्यांहून अधिक मिळविता येणार नाही. प्रत्यक्षातील टाइल त्याच्या लहानशा अंशावर थांबते. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात विदर्भातील हवा ४५ अंशांवर गेली की उष्णता हवेकडून हाताकडे वाहू लागते. मग प्रवाहाची दिशा उलटते व साधे मंडल मुके होते. दोन्ही दिशांचा दाब पत्करणारी दुहेरी रचना त्यासाठी करावी लागते, आणि तीही उपलब्ध आहे.

इंग्रजीत ह्या उद्योगास 'हार्वेस्टिंग' म्हणण्याची रूढी आहे. हा शब्द पेरणाऱ्याचा हक्क सुचवितो. पण चुलीच्या कडेची, एंजिनाच्या नळीवरची किंवा मनगटावरची ऊब कोणी विजेसाठी पेरलेली नसते; ती दुसऱ्याच कामातून उरलेली असते. त्याच भाषेत 'स्कॅव्हेंजिंग' हा शब्दही वापरात होता. त्याला उकिरड्याचा वास येत असल्यामुळे असेल, तो मागे पडला. मराठीत पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेली कणसे, शेंगा वेचण्याला सरवा वेचणे म्हणतात. वेचणारी व्यक्ती बहुधा शेताची मालक नसते, माल थोडा असतो, आणि पाटीभर होण्यास दिवस जातो. परिभाषा समित्यांनी 'ऊर्जा-सुगी' व 'ऊर्जा-संग्रहण' ह्या जोडशब्दांपूर्वी ह्या शब्दाचा विचार करावा. 'उष्मासरवा' हा समास शेतकऱ्याच्या मुलाला वर्गात समजावून सांगावा लागणार नाही.